सव्वाअकराची माडी

आसराबाईने भाऊबिजेचं ताट म्हस्कूपुढून तीन वेळा ओवाळलं, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. म्हस्कूने घडी घातलेलं हिरवं लुगडं ताटात ठेवायला हात पुढे केला, तेवढ्यात तिने ताटच मागे घेतलं.

"लुगडं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "यंदा मला दुसरी ओवाळणी पाह्यजे."

"काय पाह्यजे, आक्का? शेळी पाह्यजे का?"

"शेळी नको. मला जालन्याला ने. तुझ्या त्या हाटेलात. मला खुर्चीवर बसून जेवायचंय."

म्हस्कूचा हात लुगड्यासकट अधांतरी राहिला. चुलीपाशी बसलेली त्याची बायको आशाबाई पदर तोंडाला लावून उगीचच खोकली.

आता यात घाबरण्यासारखं काय होतं, असं कुणालाही वाटेल. परतूरजवळच्या त्या वाडीत म्हस्कूइतका हॉटेलातला माहीतगार दुसरा नव्हता. घोंगड्या विकायला तो वर्षातून तीन-चार खेपा जालन्याला जायचा आणि प्रत्येक खेपेनंतर पारावर बसून हॉटेल सांगायचा. दुमजली माडी, वर मोठं घड्याळ, आत गुळगुळीत टेबलं, खुर्च्या. टेबलावर दोन टिचक्या मारल्या की वाढणारा पळत येतो. भाकरी गार वाटली तर परत पाठवायची, तो गुमान दुसरी आणून देतो. बारा वर्षं ऐकून ऐकून वाडीतल्या पोराटोरांना ते हॉटेल पाठ झालं होतं.

खरी गोष्ट एवढीच, की म्हस्कू हॉटेलात एकदाही जेवला नव्हता. बारा वर्षांपूर्वी तो एका हॉटेलाच्या दारापर्यंत गेला होता. आत माणसं पायात वहाणा ठेवून खात होती. अन्नापाशी पायताण, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. काढाव्यात तर लोक हसतील आणि न काढाव्यात तर मन धजेना, अशा कात्रीत तो थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला. मग लिंबाखाली बसून त्याने नेहमीसारखी शिदोरी सोडली. त्या एका डोकावण्यावर त्याने बारा वर्षं रेटली होती. पुढं पुढं तर त्याचा स्वतःचाही त्या हॉटेलावर विश्वास बसला होता.

"बायांना न्हाई जमत तिथं," त्याने शेवटचा प्रयत्न केला.

"गेल्या वर्सी तूच म्हणला व्हता, बायांना वरच्या मजल्यावर बसवतेत."

म्हणाला होता खरा. म्हस्कूने लुगडं मांडीवर ठेवलं.

आसराबाई ताट हातात धरून तशीच उभी होती. "हे बघ म्हस्कू," ती म्हणाली. "घनसावंगीला आमच्या घरात बावीस माणूस. तीस वर्सं झाली, मी वाढती आन बाकीचे जेवतेत. मला कोनी म्हणलं न्हाई, आसरा, तू बस, आज मी वाढती. येताना मी दोघी जावांना सांगून आले, माझा भाऊ मला हाटेलात जेवू घालनार. त्या हसल्या. म्हणल्या, तुझ्या भावानं तरी पाह्यलं का हाटेल? आता तशीच परत गेले तर मला त्या घरात तोंड दाखवाया जागा न्हाई."

म्हस्कू म्हणाला, "उद्याच जाऊ," आणि लुगडं घेऊन उठला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आशाबाईने चार भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला. आसराबाईने ते पाहिलं. "हाटेलात जाताना शिदोरी? लोक काय म्हनतील?" आशाबाई बरं म्हणाली आणि नणंदेची पाठ वळताच तिने गाठोडं नवऱ्याच्या घोंगडीत गुंडाळून दिलं. "असू द्या," ती हळूच म्हणाली. "तुमचं हाटेल सापडलं न्हाई म्हंजे." बायकोला सगळं ठाऊक होतं. बायकांना असतंच.

गाडीने दोघांना जालन्याच्या स्टेशनावर उतरवलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. म्हस्कूची अडचण आता सुरू झाली. हॉटेल कुठे आहे हे कुणाला तरी विचारायला हवं होतं, आणि बारा वर्षं जिथे जेवतोय ती जागा आक्काच्या देखत विचारायची कशी? तो ताठ मानेने एका टांग्यात जाऊन बसला. आसराबाई शेजारी बसली.

"किधर जाना, मामू?" टांगेवाल्याने विचारलं.

"नेहमीच्या जागी."

"मैं क्या जानूं तुम्हारी नेहमीची जागा?"

"अरे ती रे. दुमजली माडी. वर घड्याळ हाये ती."

"अच्छा, सव्वाग्यारावाली. पैलेच बोलना था." टांगेवाल्याने घोडा हाकला. म्हस्कूला सुटल्यासारखं झालं. आपण सांगितलेली माडी खरोखरच जालन्यात आहे, याचा सगळ्यात जास्त अचंबा त्यालाच वाटला.

टांगा जुन्या जालन्याच्या गल्ल्या, धान्याची पोती आणि कापडाची दुकानं मागे टाकून मोकळ्या रस्त्याला लागला आणि एका इमारतीपुढे थांबला. दोघं खाली उतरून वर बघत राहिली. दुमजली, पांढरीशुभ्र, वरपासून खालपर्यंत सिमिटाची. कोपरा कणगीसारखा गोल. वरच्या मजल्याला लांब गॅलरी, तिला लोखंडी नळ्यांचा कठडा. आणि अगदी कपाळावर परातीएवढं घड्याळ.

"म्हस्कू, याला छप्पर कुठंय?"

"छप्पर नसतं. वर गच्ची असते."

"मंग पाऊस आला म्हंजे?"

"तो वरच थांबतो."

"आन कोपरा असा कामून घासलाय?"

"टांगे आदळू नयेत म्हणून."

आसराबाईला ते पटलं. "भिंतीला एक बी सांधा दिसत न्हाई," ती म्हणाली.

"सिमिट हाये ते. ओतायचं आन वाळू द्यायचं. गवरी थापल्यावानी." इतकी उत्तरं आपल्याला येतात याने म्हस्कूला जरा धीर आला. "आता ऐक. आत पायतान काढायचं न्हाई. काढलं की लोक वळखतेत, ही नवखी हायेत. आन काही न काही नाव ठिवायचं. नाव न ठिवता खाणाऱ्याला हाटेलात किंमत नसती."

"नाव ठिवायचं?" आसराबाईचे डोळे चमकले. "अन्नाला?"

"पैसा मोजतो आपन."

दोघं वहाणांसकट पायऱ्या चढून आत गेली. आत काळ्या-पांढऱ्या फरशीचा हॉल होता. मध्ये गोल टेबल, भोवती चार खुर्च्या, भिंतीला मोठा आरसा, एका बाजूने वर जाणारा जिना. सगळं म्हस्कूने सांगितलं होतं तसंच. आसराबाईने भावाकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला क्षणभर आपण खरोखरच इथे शंभरदा जेवलो असं वाटलं. दाराशी भिंतीत काळी बटणं बसवली होती.

"हे काय?"

"बिजली. दाबलं की उजेड पडतो."

आसराबाईने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. "पडंना की."

"दिवसा पडत न्हाई," म्हस्कू म्हणाला.

(विजेच्या तारा त्या रस्त्याला अजून यायच्या होत्या. मालकाने बटणं हौसेने आधीच बसवून घेतली होती. पण हे म्हस्कूला कुठून कळणार?)

आतून पन्नाशीची, ठेंगणी, गोल चेहऱ्याची एक बाई बाहेर आली. तिने आधी फरशीवर उमटलेल्या धुळीच्या पावलांकडे पाहिलं, मग चार वहाणांकडे, मग म्हस्कूच्या कपाळावरच्या कुंकवाकडे.

"जेवायचं हाये का?" तिने विचारलं.

"मंग कशाला आलो?" आसराबाई खुर्चीवर बसत म्हणाली.

"बसा," ती बाई म्हणाली आणि आत गेली. भर दुपारी दारात आलेल्या माणसाला नाव-गाव विचारायचं ते त्याचं जेवण झाल्यावर, ही त्या मुलखातली रीत. आधी विचारलं तर गाव बघून वाढतात असं दिसतं. म्हस्कूनेही तेच लक्षात ठेवायला हवं होतं. पण त्याने आक्काच्या कानात सांगितलं, "पाह्यलं? हाटेलात नाव विचारत न्हाईत."

ताटं आली. बाजरीची भाकरी, भरली वांगी, आमटी, ठेचा, दिवाळीच्या दोन-दोन करंज्या. आसराबाईने एक घास घेतला, डोळे मिटून चावला आणि टेबलावर दोन टिचक्या मारल्या.

बाई बाहेर आली. "काय झालं?"

"भाकरी कोमट हाये."

बाईने भाकरी उचलली, आत गेली आणि तव्यावरची आणून वाढली. आसराबाईने भावाकडे पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं. तीस वर्षांत तिच्या हातच्या किती भाकरी परत आल्या असतील, त्याची गिनती नव्हती. आज पहिल्यांदा ती परत पाठवत होती. पुन्हा दोन टिचक्या.

"आमटी लागलेली हाये खाली. वास येतो."

"खरंच येतो का?" बाईने वाटी नाकाशी नेली. "व्हय की. त्या नव्या, धुराच्या नळीच्या शेगडीवर लागतीच ती. दुसरी टाकू का फोडणी?"

"टाका. आन वांग्यात दाण्याचा कूट वाढवा पुढल्या टायमाला. कारळं बी घाला."

"कारळं किती घालायचं?"

"मूठभर."

बाईने मान डोलावली आणि दुसरी आमटी टाकायला आत गेली. आसराबाई खुर्चीवर मागे रेलली. पाय जमिनीला पुरत नव्हते, ते तिने वहाणांसकट हलवायला सुरुवात केली. इतकी खूश ती लग्नातही दिसली नव्हती.

म्हस्कू मात्र जेवता जेवता थांबला होता. आतल्या चौकात दोरीवर दोन लुगडी आणि एक धोतर वाळत होतं. हॉटेलात लुगडी कशाला? कोनाड्यात देव होते, देवापुढे पाडव्याच्या ओवाळणीचं ताट होतं. तेवढ्यात बाहेरून एक उंच गृहस्थ आले. त्यांनी पटका खुंटीला अडकवला, टेबलावरच्या दोघांकडे पाहून मोठा सुस्कारा टाकला आणि ते आत गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "पाट मांड गं." म्हस्कूने मान लांब करून पाहिलं. गृहस्थ सोवळं नेसून पाटावर बसले होते आणि ती बाई त्यांना वाढत होती.

म्हस्कूने हातातला घास ताटात ठेवला. मालक खाली पाटावर जेवतो, बाई आपल्या हाताने वाढते, कोनाड्यात देव आहेत, दोरीवर धोतर आहे. हे हॉटेल नव्हे. हे कुणाचं तरी घर आहे, आणि आक्काने त्या घरच्या बाईची आमटी परत पाठवली आहे.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "चल, जल्दी उठ. गाडी निघून जाईल."

"किती वाजले ते बघून ये."

म्हस्कू बाहेर जाऊन घड्याळ बघून आला. घड्याळातलं त्याला फारसं कळत नव्हतं, पण काटे कुठे होते ते त्याने येतानाच पाहून ठेवलं होतं. आता खोटं बोलायचं त्याला सुचलं नाही. "आलो तवा जितके वाजले व्हते तितकेच," तो म्हणाला.

"मंग कशाला घाई? दारातली सावली म्हनती दुपार कलली, पन शहराचं घड्याळ खोटं कसं बोलंल?" आसराबाईने करंजी संपवली. "माडी बघू चल."

"माडी नको, आक्का."

"बारा वर्सं माडी सांगून राह्यला आन आता नको?" असं म्हणून ती उठली आणि जिना चढायला लागली. म्हस्कूने तिचा पदर धरायला हात पुढे केला, पण तेवढ्यात त्याच्या खांद्यावरची घोंगडी घसरली आणि आतलं शिदोरीचं गाठोडं धप्पकन फरशीवर पडलं. ते उचलून वर जाईपर्यंत आक्का दिसेनाशी झाली होती.

वर तीन खोल्या होत्या. पहिलीत धान्य होतं, दुसरीत कापसाचे नमुने होते आणि तिसरीत लोखंडी पलंग होता. गादीखाली स्प्रिंगा होत्या. आसराबाईने आधी गादी हाताने दाबून पाहिली, मग बसून पाहिली, आणि म्हस्कू दारात पोचला तेव्हा ती चक्क आडवी झाली होती. वहाणा पलंगाबाहेर लोंबत होत्या.

"म्हस्कू, हे बघ, आपन हाललो की हे बी हालतं."

"आक्का, उठ. तुझ्या पाया पडतो."

"थोडी पाठ टेकू दे. पैसा मोजतो आपन."

जिन्यावर पावलं वाजली. जेवण झाल्यावर तासभर झोपायची त्या गृहस्थांची सवय होती. ते पान चघळत वर आले, खोलीच्या दारात थांबले आणि आपल्या पलंगावर अनोळखी बाई पाहून त्यांच्या तोंडातलं पान तिथल्या तिथे राहिलं. पण ते ओरडले नाहीत. ते इतके थकलेले दिसले की म्हस्कूला त्यांचीच कीव आली.

"बाई, उठा," ते म्हणाले. "हा दवाखाना न्हाई. दवाखाना पुढल्या रस्त्याला हाये."

"मी कुठं आजारी हाये? जेवून जरा लोळून राह्यले. तुम्ही कोन?"

"मी रामराव. या घराचा मालक."

"मालक का? बरं झालं भेटलात," आसराबाई उठून बसत म्हणाली. "तुमच्या हाटेलात आमटी लागती खाली. वाढणारी बाई चांगली हाये, पन चूल बदला."

रामरावांनी कपाळाला हात लावला. "सगुणा," त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "वर ये. हे माडीवर बी आले बघ."

सगुणाबाई पदराला हात पुसत वर आली. तिने पलंगाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. खांदे गदगदा हलत होते. म्हस्कूला वाटलं ती रडते आहे.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हस्कूने घोंगडी खाली टाकली. "आक्का," तो म्हणाला, "हे हाटेल न्हाई. हे यांचं घर हाये. आन मी हाटेलात कधीच जेवलो न्हाई. बारा वर्सं खोटं सांगितलं. एकदा दारातून पाह्यलं व्हतं, बस, तेवढंच."

आसराबाईने खाली पाहिलं. मग ती हळूच पलंगावरून उतरली, दोन्ही वहाणा पायातून काढल्या आणि हातात घेतल्या. तिचा चेहरा पार पडला होता.

"बाई," ती सगुणाबाईला म्हणाली, "मी तुमच्या घरात पायतान घालून आले. तुमची भाकरी परत पाठिवली, आमटी परत पाठिवली. तीस वर्सं माझी भाकरी परत येती, तवा मला कसं वाटतं ते मलाच ठाव हाये. आन मी तेच तुम्हाला केलं." म्हस्कूला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

सगुणाबाईने पदर बाजूला केला. ती रडत नव्हती, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अवं बसा," ती म्हणाली. "तुम्ही टेबलावर टिचकी मारली तवाच मला कळलं. या आठवड्यात तुम्ही चौथे. ह्यांनी हैदराबादला जाऊन तिथल्या इमारती पाह्यल्या आन तसलंच घर बांधलं. तवापासून कोनी दवाखाना म्हणून येतं, कोनी कचेरी म्हणून. परवा एक म्हातारा बैलाची पावती मागून राह्यला व्हता."

"ते घड्याळ काढून टाक म्हणलं तर काढत न्हाई ही," रामराव म्हणाले.

"मी? तुम्हीच बसवलं. सिमिटाचं घड्याळ," सगुणाबाई आसराबाईला सांगू लागली. "वास्तुशांतीचा मुहूर्त सव्वाअकराचा व्हता, म्हणून गवंड्यानं काटे तिथंच चिकटवले. दोन वर्सं झाली, आमच्याकडं सव्वाअकराच वाजून राह्यलेत."

"मंग तुम्हाला कळलं व्हतं तर दोनदा आमटी कामून केली?" आसराबाईने विचारलं.

सगुणाबाई पलंगाच्या कडेला टेकली. "खरं सांगू का? हे जेवतेत आन उठतेत. चांगलं बी म्हनत न्हाईत, वंगाळ बी म्हनत न्हाईत. आज दोन वर्सांनी कोनी तरी माझी आमटी चाखून बोललं. मला लई बरं वाटलं."

रामराव खिडकीबाहेर बघू लागले.

"आता मी जावांना काय सांगू?" आसराबाई पुटपुटली. ती खाली फरशीवर बसली होती. "ओवाळणी तर ऱ्हाऊन गेली."

"हाटेल हाये की इथून जवळच," सगुणाबाई म्हणाली. "गच्चीवरून दिसतं."

तिघं गच्चीवर गेली. रामरावांना आपला पलंग मोकळा मिळाला, ते लागलीच आडवे झाले. सगुणाबाईने बोट दाखवलं. रस्त्याच्या पलीकडे, लिंबाच्या झाडाशेजारी, काळवंडलेल्या पत्र्याचं एक छप्पर होतं. त्यातून धूर निघत होता. उघड्या दाराच्या आत एक बाक होता आणि बाकावर चार माणसं वहाणा घालून बशीतून चहा पीत होती.

म्हस्कूने ते झाड ओळखलं. बारा वर्षांपूर्वी त्याच लिंबाखाली त्याने शिदोरी सोडली होती; तेव्हा समोर ही माडी नव्हती.

"हे तुझं हाटेल?" आसराबाईने विचारलं.

"धुरात नीट दिसलं नव्हतं, आक्का."

आसराबाई त्या पत्र्याकडे बघत राहिली, मग भावाकडे, आणि एकाएकी तिला हसू फुटलं. ती हसायला लागली तशी सगुणाबाई हसायला लागली. म्हस्कू दोघींच्या मध्ये घोंगडी धरून उभा होता. त्याला हसायची परवानगी आहे की नाही ते कळत नव्हतं.

"मी बी कधी गेले न्हाई तिथं," सगुणाबाई डोळे पुसत म्हणाली. "रोज गच्चीवरून बघती. भज्याचा वास येतो. पन नेणार कोन? ह्यांना लाज वाटती. भाऊ तिकडं निजामाबादला, दोन वर्सं भाऊबिजेला आला न्हाई."

आसराबाईने म्हस्कूचा दंड धरून त्याला पुढे ओढलं. "मंग हा अर्धा तुम्ही घ्या. दोघींना पुरंल एवढा हाये. चला, आज दोन ओवाळण्या एकदम."

रामराव घोरायला लागल्याची खात्री करून तिघं खाली उतरली. हॉटेलवाल्या पुंजारामाने समोरच्या माडीची मालकीण येताना पाहिली आणि त्याच्या हातातला झारा कढईत पडला. बाकावरची चारही माणसं उठून बशा घेऊन लिंबाखाली गेली. सगळं हॉटेल दोघी बायांना मोकळं झालं. बाक एकच असल्यामुळे म्हस्कूला उभं राहावं लागलं. तरी बारा वर्षांनी का होईना तो आत होता, आणि पायात वहाणाही होत्या.

भजी आली, चहा आला. आसराबाईने एक भजं खाल्लं आणि काहीच नाव ठेवलं नाही. सगुणाबाईने बशीला ओठ लावला, मैत्रिणीकडे एक नजर टाकली आणि बाकावर दोन टिचक्या मारल्या.

"चहा गार हाये," ती म्हणाली.

"बाई, आत्ता तर उकळला," पुंजाराम रडकुंडीला आला. "इथं कोनी परत करत न्हाई."

"मंग आज करून राह्यलो," सगुणाबाई म्हणाली. तिचे कान आनंदाने लाल झाले होते.

शेवटी म्हस्कूने शिदोरीचं फडकं सोडलं. सगुणाबाईने चुलीवरची भाकरी दोन वर्षांत खाल्ली नव्हती, तिने आशाबाईच्या दीड भाकरीचा ठेच्याबरोबर फडशा पाडला. मग आसराबाईने आपल्या सावलीकडे पाहिलं, सिमिटाच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सावलीचं खरं धरलं. तिघं स्टेशनाकडे पळाली. गाडी सुटता सुटता दोघं आत चढली आणि सगुणाबाई फलाटावर हात हलवत राहिली.

गाडी परतूरजवळ आली. म्हस्कूने हळूच विचारलं.

"जावांना काय सांगशील, आक्का?"

"खरं तेच."

"पत्र्याचं छप्पर सांगशील?"

"बघू," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसली.

वर्ष गेलं. पुढच्या दिवाळीत, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी सकाळी, घनसावंगीची बैलगाडी म्हस्कूच्या दारात थांबली. आधी आसराबाई उतरली. तिच्यामागून तिच्या दोन्ही जावा, चतुराबाई आणि झुंबरबाई, नवी लुगडी नेसून उतरल्या.

"भाऊजी," झुंबरबाई म्हणाली, "आमचे भाऊ फकस्त लुगडं देतेत. आम्हाला बी तुमच्या हाटेलात न्या. ते गोल कोपऱ्याचं, जिन्याचं, हालत्या पलंगाचं. आन आमटी परत पाठिवली की दुसरी आणून देतेत म्हणं."

म्हस्कूने आक्काकडे पाहिलं. आक्का बैलाच्या मानेवरून हात फिरवत होती. तिने एक शब्द खोटा सांगितला नव्हता. खुर्ची खरी होती, पलंग खरा होता, आमटीही खरी होती. कुठली इमारत कुणाची, एवढंच सांगायचं तिने टाळलं होतं. चुलीपाशी आशाबाई पदर तोंडाला लावून खोकली.

म्हस्कू तसाच निघाला, दुपारची गाडी धरून जालन्याला गेला आणि एक नवी काळी घोंगडी काखेत घेऊन सव्वाअकराच्या माडीपुढे उभा राहिला. या वेळी त्याने वहाणा बाहेर काढल्या. सगुणाबाई दारात आली. त्याने चाचरत, अडखळत सगळं सांगितलं.

सगुणाबाईने घोंगडी हातात घेतली, उलटी-पालटी करून पाहिली आणि आत ठेवून आली. "उद्या दुपारी घेऊन या तिघींना," ती म्हणाली. "मूठभर कारळं आणून ठेवलंय. आन त्यांना सांगून ठेवा, पहिली आमटी परत पाठवाया लाजू नका म्हणावं. दुसरी मी आधीच करून ठेवती."

आतून रामरावांचा आवाज आला, "कोन आलंय गं?"

"माझा भाऊ आलाय," सगुणाबाई म्हणाली. "उद्या तिघीजणी जेवाया येनार हायेत."

थोड्या वेळाने जिना चढल्याचा आवाज आला आणि मग पलंगाच्या खोलीला लावायचं कुलूप शोधत ते फडताळं उघडत असल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.